नव्या रोडबाईकची खरखर: आधी फेऱ्या मोजा, मग पाना हातात घ्या

नवीन चेन मागवली असेल तर ऑर्डर रद्द करा. २०० किलोमीटरमध्ये चेन जात नाही.

तुम्ही लिहिलंय ते असं: सायकल तीन आठवड्यांची, पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागे आठ. दर रविवारी मुलुंडहून हायवेने सीएसएमटी आणि परत. मागच्या मधल्या तीन-चार चकत्यांवर खरखर, सगळ्यात छोटीवर गप्प. पाय थांबवला की आवाज बंद. मोठ्या चकतीवर चढताना चेन आढेवेढे घेते. आणि दुकानदार म्हणतो, ‘नवीन आहे, बसेल आपोआप.’

बसायचं ते बसलंय, म्हणून तर आवाज येतोय. नव्या सायकलीत गिअरच्या केबलचं बाहेरचं आवरण आणि त्याची टोकं पहिल्या काही आठवड्यांत आपापल्या खाचेत दबून बसतात. केबल ताणली गेली असं आपण म्हणतो, पण खरं तर आवरण आखडलेलं असतं. परिणाम तोच: केबल किंचित सैल. आठ गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चकत्यांच्या गठ्ठ्यात, एका चकतीपासून दुसरी ४.८ मिमीवर असते. त्यात डिरेलर, म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, अर्धा-पाऊण मिमी जरी मागे राहिला, तरी चेन शेजारच्या चकतीला घासत राहते. सगळ्यात छोटीवर आवाज का नाही? तिथे केबलवर ताण नसतोच, डिरेलर स्क्रूला टेकून उभा असतो. तुमच्या वर्णनातली ही एक ओळ वाचून माझी पैज केबलवर लागली.

उपाय फुकटातला. मागच्या डिरेलरमध्ये केबल जिथे शिरते तिथे बोटांनी फिरणारी नळी आहे, बॅरल ॲडजस्टर. मागून बघत ती घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवा, म्हणजे केबल ताणली जाईल. मग पॅडल मारून ऐका. नाही गेला तर आणखी पाव. एका दमात पूर्ण फेरी नको. फार ताणलं की चेन छोट्या चकतीवर उतरायला कुरकुरायला लागते, तेव्हा पाव फेरी परत. स्टँड नसेल तर बॅगेचा पट्टा बाल्कनीच्या ग्रिलला बांधून सीट त्यात अडकवा, मागचं चाक अधांतरी राहिलं की झालं. डिरेलरवरच्या त्या दोन छोट्या स्क्रूंना मात्र हात लावू नका. मी एकदा ‘जरासा’ फिरवला होता आणि चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे थेट स्पोकमध्ये गेली.

आता समजा, तिसरी चकती शांत केली की सहावी बोंबलते, सहावी केली की तिसरी. मग केबलच्या मागे लागू नका, हँगर वाकलाय. डिरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो मुद्दाम मऊ ठेवतात, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. खोक्यातून येताना किंवा बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचा धक्का लागून सायकल उजव्या कुशीवर पडली, की झालं. मागे उकिडवे बसून बघा: डिरेलरची दोन छोटी चाकं आणि वरची चकती एका सरळ रेषेत दिसायला हवीत. तिरकी दिसली तर दुकानात गेज लावून सरळ करून घ्या. हाताने वाकवणारा मेकॅनिक असेल तर दुसरं दुकान.

हे दोन्ही करून आवाज उरलाच, तर कानावर विश्वास ठेवू नका. फ्रेम पोकळ नळ्यांची असते, मागचा आवाज पुढे ऐकू येतो आणि सीटचा आवाज पायाखालून. म्हणून आवाज कुठून येतो ते सोडा, किती फेऱ्यांनी येतो ते मोजा. पायाच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’: क्रँक (पॅडलचा दांडा), बॉटम ब्रॅकेट (दोन्ही क्रँक ज्यावर फिरतात ते मधलं बेअरिंग), पॅडल, नाहीतर पुढच्या डिरेलरच्या केबलचं लोंबतं टोक क्रँकला लागतंय. (हसू नका, हे सर्रास असतं.) ५० च्या चकतीवर दोन फेऱ्यांहून जरा जास्त वेळाने एकदा: चेनमध्ये एक कडी अडकलीय, कारण चेन साधारण १०८ कड्यांची आणि एका फेरीत ५० कड्या सरकतात. पॅडल हळू उलटं फिरवा, ती कडी डिरेलरच्या छोट्या चाकावरून जाताना उडी मारताना दिसेल. बोटांनी आडवी हलवली की बहुतेक वेळा मोकळी होते. सलग चूं चूं म्हणजे कोरडी चेन.

हे मोजणं मी महागात शिकलो. माझ्या पहिल्या रोडबाईकला पेडर रोडच्या चढावर दर फेरीला खालून ‘टक्’ यायचं. बॉटम ब्रॅकेट, दुसरं काय! दोनदा उघडून घेतला, दुसऱ्यांदा बेअरिंगही नवी टाकली. आवाज तसाच. शेवटी आठवलं, गाडीच्या डिकीत घालायला मागचं चाक काढलं होतं, त्यानंतर हे सुरू झालं. चाक घट्ट धरणारी खटक्याची दांडी, म्हणजे क्विक रिलीज, सैल होती. चाक काढून टेकायच्या जागा पुसल्या, ग्रीसचा पातळ हात फिरवला, घट्ट केलं, संपलं. फेरीला एकदा येणारा आवाज पायाच्या जोराने येतो, तो पायापाशीच असतो असं नाही. म्हणून आधी फुकटचे उपाय: क्विक रिलीज, मग पॅडल काढून आट्यांना ग्रीस (डावं पॅडल उलट्या आट्यांचं, घड्याळाच्या दिशेने सुटतं), मग उभं राहून चालवून बघणं. उभं राहिल्यावर आवाज गेला तर सीट किंवा तिच्याखालची दांडी, सीटपोस्ट. बॉटम ब्रॅकेट सगळ्यात शेवटी.

एकच गोष्ट पुढे ढकलायची नाही: पॅडल नव्हे, दोन्ही क्रँक धरून आडव्या हलवा. खटखटत असतील तर सायकल हाताने ढकलत दुकानात न्या, वर बसून नाही. सैल क्रँकवर चालवलं तर क्रँक कायमची बाद होऊ शकते.

ऐकायला हायवे निरुपयोगी. रात्री सोसायटीच्या कंपाउंड वॉलला लागून हळू चालवा, भिंत आवाज परत देते.

आणि पुढे ३४ वर असताना मागे सगळ्यात छोटीवर टाकलंत तर चेन ५० च्या चकतीला आतून घासणार. तो बिघाड नाही, त्या जोडीवर चालवायचंच नसतं.