ग्राहकाच्या फोनमध्ये तुझं नाव काय आहे?

वयाने लहान वाटतोस म्हणून एकेरीच लिहितो. तू विचारलंयस की शोरूममध्ये दोन वर्षं झाली, कार्डावरचं 'सेल्स एक्झिक्युटिव्ह' कुणी वाचतसुद्धा नाही, तर त्याजागी 'ड्रीम कार कोच' किंवा 'ऑटो गुरू' छापून त्याच नावाने इन्स्टाग्रामवर पेज काढू का? मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात 19 वर्षं गाड्या विकतोय, शेवटची 6 टीम लीडर म्हणून. नाव जरूर बदल, पण ही दोन्ही नकोत.

माझ्या दुसऱ्या नोकरीत मालकांनी एका पाडव्याला सेल्सच्या सगळ्या पोरांना 'मॅनेजर' करून टाकलं. पगार तोच, कार्डं नवी. आम्ही खूश. पहिल्याच आठवड्यात ग्राहक कार्ड बघून म्हणायला लागले, "मॅनेजर तुम्हीच ना? मग दहा हजार सोडायला आत कुणाला विचारताय?" आधी "साहेबांशी बोलून येतो" असं सांगून केबिनमध्ये जाता यायचं, आणि आपल्यासाठी हा माणूस आत जाऊन बोलतोय हे ग्राहकाला दिसायचं. नव्या कार्डाने ती जागाच काढून घेतली. कार्ड जो अधिकार सांगत होतं तो आमच्या हातात नव्हता, आणि हे समोरच्याला पाच मिनिटांत कळायचं.

कंपन्यासुद्धा नावं बदलतात. मारुतीच्या डीलरकडे आम्ही वर्षानुवर्षं डीएसई, म्हणजे डीलर सेल्स एक्झिक्युटिव्ह. 2015 मध्ये नेक्सा, म्हणजे मारुतीची वरच्या गाड्यांची वेगळी शोरूम, आली तेव्हा तिथल्या माणसाला रिलेशनशिप मॅनेजर म्हणायला लागले. बीएमडब्ल्यूने 'प्रॉडक्ट जीनियस' असं पद काढलं. ऐकायला ते तुझ्या 'गुरू'सारखंच वाटेल, पण त्या माणसाचं काम गाडी समजावून सांगायचं, सौदा करायचा नाही. काम खरोखर वेगळं आहे म्हणून ते नाव मला पटतं.

आता एक कर. तुझ्या जुन्या दहा ग्राहकांना सहज विचार की माझा नंबर कोणत्या नावाने सेव्ह केलाय. मी हे केलं होतं. बहुतेकांकडे मी 'शोरूम' किंवा 'गाडीवाले' होतो. पण कवठेमहांकाळकडच्या एका द्राक्ष बागायतदाराकडे मी होतो 'पासिंगवाले दादा'. त्यांचं पासिंग कागदांमुळे अडलं होतं आणि मी दोनदा आरटीओत जाऊन ते सोडवलं होतं. त्यांच्या भावकीतून पुढे मला चार गाड्या मिळाल्या. चारही फोन "पासिंगचं टेन्शन नसतं म्हणे तुमच्याकडे" असं म्हणतच आले. माझं पद त्या गावाने ठरवलं होतं, मला ते उशिरा कळलं.

तेव्हा तुझ्या हातून कोणतं काम इतरांपेक्षा चांगलं होतं ते आधी शोध. आमच्या भागात शेतकऱ्याचं कर्ज हे मोठं काम आहे. पगाराची स्लिप नसते, सातबारा आणि आठ-अ लागतो, हप्ता दरमहा न ठेवता ऊसबिल येतं त्या हिशेबाने सहामाही ठेवून देणारी फायनान्स कंपनी माहीत असावी लागते. ज्याला ही फाईल बिनचूक लावता येते त्याने कार्डावर 'कार सल्लागार – शेतकरी कर्ज आणि पासिंग' एवढंच छापावं. आमच्या टीममधली एक मुलगी पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, टेस्ट ड्राइव्ह इतक्या शांतपणे देते की लोक तिचं नाव घेऊन येतात. तिच्या कार्डावर आम्ही 'पहिली गाडी सल्लागार' छापलं. ते लगेच समजतं. 'ड्रीम कार कोच' म्हणजे तू नक्की काय करणार, हे तुलाच समजावून सांगावं लागेल. आणि 'गुरू' म्हटलंस की पहिल्या चुकीच्या उत्तराला माफी नाही. छापण्याआधी सेल्स मॅनेजरची परवानगी घे, कंपनीच्या लोगोशेजारी आपल्या मनाचं पद बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

पेजबद्दल. हार घातलेली गाडी, मोठी किल्ली, पेढे हे फोटो सगळेच टाकतात. टाक, पण ग्राहकाला विचारून आणि नंबरप्लेट झाकून. लोक जपून ठेवतात तो हिशेब. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि वरचा सेस गेला. त्या आठवड्यात आमच्यातल्या ज्या पोराने स्टेटसला जुनी किंमत, नवी किंमत, फरक एवढं साधं लिहिलं, त्याचा फोन दिवसभर वाजत होता. तसंच 10 लाखांवरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस, म्हणजे डीलर विकतानाच घेतो तो आयकर, रिटर्नमध्ये वळता करून मिळतो, इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, असं एकेक सांग. इन्शुरन्सचं सांगितल्यावर इन्सेंटिव्ह थोडा जाईल. माझाही गेला. तरी सांग, कारण ते त्यांना कधीतरी कळणारच असतं.

अमेरिकेत डेट्रॉइटजवळ शेवरोले विकणारा जो जिरार्ड 1963 ते 1978 या काळात 13,001 गाड्या विकून गिनीज बुकात गेला, एकट्या 1973 मध्ये 1,425. तो जुन्या ग्राहकांना दर महिन्याला शुभेच्छा कार्ड पाठवायचा. आपल्याकडे तेवढं नको, पण इन्शुरन्स संपायच्या वीस दिवस आधी एक मेसेज आणि पहिल्या सर्व्हिसच्या दिवशी एक फोन, एवढं वहीत मांडून कर.

शेवटचं, आणि हे पदापेक्षा महत्त्वाचं. शोरूमचं सिम नोकरी सोडताना परत द्यावं लागतं. माझी पहिली पाच वर्षांची माणसं अशीच एका सिमबरोबर गेली. पेजवर आणि कार्डावर स्वतःचा नंबर असू दे, शोरूमचा त्याखाली.

कार्डाचा कच्चा नमुना केलास तर इथे टाक, नंबर झाकून. तुझ्या भागात कोणते ग्राहक जास्त येतात तेही लिही, म्हणजे दुसरी ओळ काय असावी ते सुचवता येईल.