‘नाटकं करतो’ म्हणण्याआधी

प्रश्न : हिंगणघाटजवळ आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची गिरणी आहे. गेल्या सीझनमध्ये एका कामगाराचा हात मशीनमध्ये सापडला, दोन बोटं गेली. त्याला सोडवणारा आमचा फिटर तेव्हापासून त्या मशीनकडे फिरकत नाही. खाडे करतो, संध्याकाळी पितो. बाकीचे म्हणतात, नाटकं करतो. काय करावं?

उत्तर : भाऊ, नाटकं करायला कोणी स्वतःची हजेरी बुडवत नाही. मी एका जिनिंगमध्ये गेले होते, तिथेही असाच एक जण वजनकाट्यापाशी पाठमोरा बसला होता. हातात चहाचा ग्लास, वर साय धरलेली. शिफ्टचा भोंगा झाला आणि ग्लास हातातून सुटला. कोणी हसलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

तर पहिली गोष्ट मशीनची. घाईच्या दिवसांत अडकलेला कापूस चालू मशीनमधूनच हातानं ओढायची सवय पडते. वीज बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, जाळी काढून मशीन चालवायचं नाही, हे आजपासून पाळा. जिथे बोटं गेली ती जागा तशीच ठेवून फिटरला धीर देण्यात अर्थ नाही. त्याची भीती खरी आहे.

मग त्याच्याशी एकट्यानं बोला. ‘त्या दिवशी तू होतास म्हणून त्याचा हात वाचला’, एवढंच म्हणा आणि थांबा. काय घडलं ते वदवून घेऊ नका. एका बैठकीत सगळं ओकून टाकलं की मन मोकळं होतं, हा समज आता मागे पडला आहे. कधी त्यानं त्रास वाढतो. काही आठवडे त्याच मजुरीवर त्याला गठाणीच्या बाजूला काम द्या. पुढे सोबतीला कोणी देऊन आधी बंद मशीनजवळ, मग चालू मशीनजवळ. महिना उलटूनही झोप नाही, तीच स्वप्नं, दचकणं चालू असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तुमचं पत्र पाहता ही वेळ आलेली आहे. दारूबद्दलही तिथेच बोला, सर्वांदेखत नको.

प्रश्न : मी गटप्रवर्तक आहे, गावोगावच्या आशा सेविकांच्या कामावर देखरेख करते. अहवाल उशिरा देणाऱ्या आशांची नावं रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. वरून दबाव असतो. चुकतं का?

उत्तर : हो ताई, चुकतं. दबाव तुमच्यावरही आहे, हे मी जाणते. पण चारचौघांत नाव निघालेली आशा पुढच्या वेळी चूक लपवते, आणि लपवलेली चूक बाळंतिणीला महागात पडते. दुपारी फोन करा, अडलं कुठे ते विचारा.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सहाच कर्मचारी. वरिष्ठ घाणेरडं बोलतात, अंगचटीला येतात. आमच्याकडे अशा तक्रारी ऐकणारी समितीच नाही. (वाशिम जिल्हा)

उत्तर : ताई, यात तुमचा काहीही दोष नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि तालुक्याला तक्रार घेणारा नोडल अधिकारी. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तारीख, वेळ, शब्द आजच वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : मी बँकेत पीककर्जाच्या वसुलीला फिरतो. परवा एक शेतकरी म्हणाला, ‘आता जगून काय करू.’ मी गप्प राहिलो. तेव्हापासून जेवण जात नाही.

उत्तर : दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आज कोणाला तरी सोबत घेऊन त्यांच्याकडे जा, वसुलीची वही न नेता. सरळ विचारा, ‘जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?’ विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस बोलता होतो. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, घरच्यांना सांगून फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावा, आणि तिथूनच 14416 ला फोन लावा. हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

परतल्यावर शाखाधिकाऱ्यांना सगळं सांगा, आणि अशा घरी यापुढे दोघांनी जायचं हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. रात्री जेवण गेलं नाही, तर तोच नंबर स्वतःसाठीही लावा.