१०० एमबीपीएसच्या प्लॅनवर स्पीड टेस्ट ३८ दाखवते. केबलवाला कमी स्पीड देतोय का?

तुम्ही दिलेले आकडे असे: प्लॅन १०० डाउनलोड आणि १० अपलोड. वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं जुनं तीन मजली घर, मोडेम तळमजल्यावर टीव्हीच्या मागे. वरच्या खोलीत मोबाइलवर दुपारी ३८ डाउनलोड, ९.४ अपलोड, रात्री नऊनंतर डाउनलोड १२ वर येतं. फाइल उतरवताना मात्र ‘४.५ एमबी’च दिसतं.

एवढ्यावरून केबलवाल्याला दोषी धरू नका, आणि २०० चा प्लॅन तर आत्ता मुळीच घेऊ नका. स्पीड नेमका कुठे गळतोय ते आधी शोधा. माझ्या मते इथे दोन वेगळी दुखणी आहेत, एक दुपारचं आणि एक रात्रीचं.

आधी ते ४.५. स्पीड टेस्ट मेगाबिट मोजते, डाउनलोडची खिडकी मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३८ ला ८ ने भागलं की साधारण पावणेपाच. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. पूर्ण १०० मिळाले तरी तिथे १२.५ च्या वर दिसणार नाही. अपलोड ९.४ म्हणजे जवळजवळ पूर्ण. त्या वेळी परतीची वाट (घरातून बाहेर जाणारा सिग्नल) ठीक होती एवढंच त्यावरून कळतं. वाय-फायबद्दल त्यातून काही कळत नाही, कारण १० एमबीपीएस कुठलाही वाय-फाय पेलतो.

आता लॅपटॉप थेट मोडेमला लॅन केबलने जोडा, त्याचा वाय-फाय बंद करा आणि घरातले बाकी मोबाइल, टीव्ही पाच मिनिटं नेटवरून काढा. तारेवर ९३-९५ आले तर ते पूर्णच समजा. मोडेमचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट (केबल खुपसायचं भोक) १०० चं असेल, तर पाकिटांवरच्या पत्त्यांसाठी लागणारी जागा वजा जाऊन त्याहून जास्त येतच नाही. पुढे मोठा प्लॅन घेतलात आणि तरी ९४ वर अडलात, तर लॅन केबल तपासा. गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) केबलमधल्या आठही तारा लागतात. त्यातली एखादी तुटली तर जोडणी बरेचदा गुपचूप १०० वर उतरते.

टेस्टमध्ये सर्व्हर एकदा जवळचा आणि एकदा मुंबईचा निवडा. जवळचा सर्व्हर कित्येकदा केबल कंपनीच्याच जाळ्यात असतो, त्यामुळे तिथे आकडा छान येतो आणि बाहेरचं सगळं रखडतं. आणि उगाच वीस वेळा टेस्ट करू नका: १०० च्या स्पीडने पंधरा सेकंदांत जवळजवळ १९० एमबी डेटा जातो, आणि तो तुमच्या महिन्याच्या मर्यादेतच मोजला जातो. ती मर्यादा संपली की आकडा दिवसभर एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ २ वर, चिकटून बसतो. तसं दिसलं तर बिघाड शोधत बसू नका.

दुपारी तारेवर ९४ आणि वरच्या खोलीत वाय-फायवर ३८, असं निघालं तर दोष वाय-फायचा. दीड-दोन फुटी विटांच्या भिंतीतून वाय-फायची ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम पार होते, म्हणून मोबाइल २.४ गिगाहर्ट्झवर जातो आणि तिथे शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी असते. मोडेम टीव्हीमागून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवा. २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळं निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. पण अशा घरात खरा उपाय एकच: वर कॅट ६ तार (चांगल्या प्रतीची लॅन केबल) न्या आणि तिथे दुसरा राउटर लावा. त्याचं डीएचसीपी (मोबाइल-लॅपटॉपना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला वेगळा पत्ता द्या आणि तार लॅन पोर्टमध्येच लावा, वॅन (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) पोर्टमध्ये नाही. साधा रिपीटर (वाय-फाय झेलून पुढे फेकणारा डबा) घेऊ नका. तो त्याच लहरींवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड निम्मा होतो.

तारेवरच दुपारीही कमी आलं, तर बाहेरून मोडेमला येणाऱ्या जाड केबलकडे वळा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका, बऱ्याच केबल मोडेमचं सिग्नलचं पान तिथे उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर (घरात येणाऱ्या सिग्नलचा जोर) -७ ते +७ डीबीएमव्ही असावी, एसएनआर (गोंगाटापेक्षा सिग्नल किती वरचढ ते) ३३ डीबीच्या वर, अपस्ट्रीम पॉवर (मोडेम बाहेर पाठवतो तो जोर) ३५ ते ४९ डीबीएमव्ही. अपस्ट्रीम ५० च्या वर असेल तर मोडेमला पलीकडे ऐकू जावं म्हणून ओरडावं लागतंय, म्हणजे वाटेत सिग्नल खाल्ला जातोय. बहुतेक वेळा खाणारा स्प्लिटर (एका केबलच्या अनेक शाखा करणारा जोड) असतो. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर साधारण ३.५ डीबी घेतो, चार तोंडांचा ७. म्हणून केबल घरात शिरताच पहिला दोन तोंडांचा स्प्लिटर लावा, एक तोंड थेट मोडेमला द्या आणि टीव्हींची वाटणी दुसऱ्या तोंडापुढे करा. स्प्लिटरवर ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं हवं. डिश अँटेनाचा स्प्लिटर किंवा एकतर्फी टीव्ही बूस्टर मोडेमच्या वाटेत असेल तर परतीचा सिग्नल तिथेच मरतो.

मग गच्चीवर जा. आपल्याकडे उत्तरायणात मांजा केबलवर घासतो, वरचं आवरण चिरतं. तेव्हा काही जाणवत नाही. जून-जुलैत चिरेतून पाणी आत उतरतं आणि दर पावसात नेट तुटायला लागतं. कनेक्टर उघडून पाहा. मधली तांब्याची तार कडेबाहेर सुमारे ३ मिलिमीटर असावी, त्यावर हिरवट थर नसावा. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल. चिरलेल्या केबलला टेप गुंडाळून चालत नाही, तो तुकडा बदलूनच घ्या.

रात्रीचं दुखणं वेगळं. एकाच नोडवर (केबल कंपनीच्या वाटणीच्या पेटीवर) गल्लीतली अनेक घरं असतात आणि नऊनंतर सगळे एकदम नेटवर बसतात. तारेवर सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ९.३० असे तीन दिवस आकडे लिहून ठेवा. सिग्नल ठीक असूनही रात्रीच पडत असेल, तर घरात काहीही बदलून उपयोग नाही. तक्रार क्रमांक घ्या, ही वही दाखवा, नोड विभागायला किंवा फायबर द्यायला सांगा. ऐकलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.

फक्त एक खात्री आधी करा: रात्री घरातल्या कुणाच्या मोबाइलचे फोटो आपोआप वर चढत नाहीत ना? १० चं अपलोड भरलं की डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात, पिंग (उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) शेकड्यांत जातो आणि डाउनलोडही बसतं. ते फोटो पहाटे चढू द्या, किंवा राउटरमध्ये अपलोडला ८.५ ची मर्यादा घाला.

तारेवरचे तीन वेळांचे आकडे आणि त्या पानावरचे पॉवर, एसएनआर, अपस्ट्रीम इथे लिहा. दोष घरातला की खांबावरचा, ते त्यावरून सांगता येईल.