क्रीट बेटावर सिंहच नव्हते, मग मिनोअन मुद्रांवर इतके सिंह कुठून आले?

क्रीट हे ग्रीसचं बेट, मिनोअन ही तिथली कांस्ययुगीन संस्कृती आणि मुद्रा म्हणजे मातीत ठसा उमटवायचे कोरीव शिक्के. क्रीटमध्ये रानात सिंह फिरत होते असा पुरावा नाही, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. तरीही इ.स.पू. 2000 च्या आसपास तिथले कारागीर पाणघोड्याच्या सुळ्यापासून केलेल्या शिक्क्यांवर गोल रांगेत चालणारे सिंह कोरत होते. अर्धं उत्तर त्या सुळ्यातच आहे, कारण पाणघोडाही क्रीटचा नव्हे. इजिप्त आणि सीरियाकडून समुद्रमार्गे माल यायचा आणि त्याबरोबर चित्रंही यायची. म्हणजे सिंह आधी चित्रातूनच पोचला.

पण आलेली चित्रं त्यांनी नुसती गिरवली नाहीत. सुरुवातीला शंखजिऱ्यासारखे मऊ दगड, हाड आणि सुळे हातानेच कोरले जात. इ.स.पू. 1800 च्या सुमारास सुताराच्या सामत्यासारखं, कमानीने फिरवायचं आडवं यंत्र आलं. त्याला कुरुंदाच्या पुडीची जोड मिळाल्यावर अकीक, जास्पर, स्फटिक असे कठीण दगड आवाक्यात आले. पुस्तकातले फोटो फार फसवतात. मूळ दगड बहुधा दीड-दोन सेंटिमीटरचा, मसुरीच्या दाण्यासारखा चपटा-फुगीर गोल असतो. एवढ्या गोलात सिंह आणि बैल दोन्ही बसवायचे, म्हणून सिंहाची पाठ दगडाच्या कडेबरोबर वळते आणि बैलाची मान पिळवटून डोकं पार उलटं होतं. डोळा म्हणजे गिरमिटाचं एक भोक, सांधे म्हणजे छोटे खड्डे. खांदा आणि मांड्या मात्र खोल, गोलसर खोदलेल्या, म्हणजे ओल्या मातीत दाबल्यावर स्नायू फुगून वर येतात. शिवाय ठशात सगळं उलटं उमटणार, हे धरूनच कोरायचं. रानबकऱ्याची लांब वाकडी शिंगं तर या गोलाईसाठीच घडवल्यासारखी वाटतात. तो प्राणी क्रीटच्या डोंगरांत खरोखर होता, आणि मला विचाराल तर सिंहापेक्षा तोच त्यांना जास्त चांगला साधलाय.

उरलेलं अर्धं उत्तर वापरात आहे. मुद्रा हा दागिना होता, ताईत होता आणि कारभाराचं साधनही. क्रीटवरच्या क्नोसोस राजवाड्याच्या भित्तिचित्रातला पेला वाहून नेणारा तरुण ती मनगटावर बांधून दिसतो. क्रीटवरच्याच फेस्टोसच्या राजवाड्यात एका जागी मातीचे सुमारे साडेसहा हजार ठसे सापडले. पेट्यांवर, रांजणांवर, दारांच्या खुंट्यांवर दोरी गुंडाळून वर मातीचा गोळा लावायचा आणि त्यावर शिक्का मारायचा, अशी पद्धत होती. म्हणजे चित्रावरून माणूस किंवा त्याचा अधिकार ओळखू यायला हवा. तिथे प्राणी खरा आहे की ऐकीव, याने काय फरक पडतो? म्हणूनच ऑक्टोपस, कोळी, पाणपक्षी यांच्याबरोबर सिंहाच्या धडाचा, गरुडमुखी काल्पनिक ग्रिफिनही सहज खपून जातो. क्रीटच्या पूर्व टोकाच्या झाक्रोसमधल्या ठशांवर तर पंख, शिंगं, बाईचे स्तन आणि पक्ष्याचं धड यांची अशी काही सरमिसळ आहे की प्रत्येक शिक्का वेगळा दिसावा म्हणूनच हा खटाटोप केला असावा, अशी शंका येते.

‘सिंह म्हणजे राजा’ असं सरळ समीकरण मात्र मी मांडणार नाही. क्नोसोसच्या एका प्रसिद्ध ठशात डोंगराच्या शिखरावर एक स्त्री उभी आहे आणि दोन्ही बाजूंना पाय टेकवून दोन सिंह. ती बहुधा देवी असावी. तिथे सिंह तिची ताकद दाखवतात, कुणा राजाची नव्हे.

दोन बाजूंना दोन पशू ही मांडणी पुढे ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या मायसिनी लोकांनी उचलली. तिकडे सिंह खरोखर असावेत, तिथल्या टिरिन्स या प्राचीन ठिकाणी त्यांची हाडं मिळाली आहेत. इ.स.पू. 1250 च्या सुमारास मायसिनी लोकांनी आपल्या मायसिनी नगराच्या वेशीवर स्तंभाच्या दोन्ही बाजूंना दोन सिंह बसवले. बोटाच्या पेराएवढ्या दगडावरची ती रचना तिथे तीन मीटर उंच झाली.