आइसलंडवर लिहिताय? आधी नावाचं बघा

पहिल्यांदाच लिहिताय म्हणून सांगतो, ‘बर्फाचा देश’ हे शब्दशः घेऊ नका. हिमनद्यांखाली जेमतेम दहावा हिस्सा आहे. जुन्या आख्यानांत फ्लोकी नावाचा नॉर्स दर्यावर्दी येतो. गडी मासेमारीत इतका रमला, की गवत कापून ठेवायचंच राहिलं. हिवाळ्यात गुरं मेली. पुढे डोंगरावर चढून बघतो, तर खाली खाडी बर्फाने भरलेली. झालं, नाव पडलं! (मला तर त्यात वैतागच दिसतो.) राजधानी रेक्याविक म्हणजे ‘धुराची खाडी’, पण तो धूर म्हणजे गरम झऱ्यांची वाफ. ९३० साली थिंगव्हेट्लिरला भरलेली आल्थिंग सभा (म्हणजे आइसलंडची संसद) मात्र सविस्तर घ्या. तिथे भूपट्ट सरकून पडलेल्या भेगा डोळ्यांनी दिसतात. १९४४ चं प्रजासत्ताक एका ओळीत उरकलं तरी चालेल.