लेकीला पहिल्यांदा उन्हाळ्यातल्या डिबेट कॅम्पला (वादविवादाच्या निवासी शिबिराला) पाठवताय?

सगळ्यात आधी प्रकार विचारा. अमेरिकेतलं हायस्कूल डिबेट म्हणजे एकच खेळ नव्हे. पॉलिसी या प्रकारात दोघांची जोडी, वर्षभर एकच विषय आणि पुराव्यांचा ढीग. लिंकन-डग्लसमध्ये एकटीनं उभं राहायचं, विषय दर दोन महिन्यांनी बदलतो. पब्लिक फोरममध्ये पुन्हा जोडी, पण भाषणं आटोपशीर. तुमच्या शाळेची टीम जे करते त्यातच नाव घाला, नाहीतर पैसे पाण्यात.

कॅम्प भरवणाऱ्या मिशिगन, डार्टमथ अशा विद्यापीठांची नावं ऐकून हुरळून जाऊ नका (आपल्या मंडळींना ती खोड आहेच!). लॅब (म्हणजे कॅम्पमधला मुलांचा छोटा गट) कोण घेणार, एका लॅबमध्ये मुलं किती आणि सराव-फेरीनंतर तेच भाषण पुन्हा करून घेतात का, ते विचारा. खरं शिक्षण त्या दुसऱ्यांदा बोलण्यात असतं.

पॉलिसी असेल तर पहिल्या आठवड्यात रडका फोन येऊ शकतो. मुलं भाषण मोठ्यानं, मिनिटाला 300 शब्दांच्या वर वाचतात, उच्चार सुटे व्हावेत म्हणून दातात पेन आडवं धरून सराव करतात. ते ऐकता ऐकता समोरच्याचा मुद्दा एका शाईत, आपलं उत्तर दुसऱ्या शाईत, शेजारशेजारच्या रकान्यांत टिपायचं. हे जमायला वेळ लागतो, लगेच घरी आणू नका.

डॉर्मला एसी असेलच असं नाही, छोटा पंखा द्या. औषधांचे फॉर्म वेळेत भरा. फी जड वाटली तर आर्थिक मदतीचा अर्ज हिवाळ्यातच करा, उन्हाळ्यापर्यंत बहुतेकदा काही उरत नाही.