पकडलेल्या व्यापारी जहाजावरील खराब मालाची तपासणी कशी होत असे?

इंग्लंडपुरते सांगायचे तर, पकडलेले जहाज बंदरात आणल्यावर तळघराची झाकणे बंद करून त्यांवर मोहोर लावणे आणि जहाज पकडणे कायदेशीर होते की नाही हे ठरवणाऱ्या नौदल न्यायालयाच्या परवानगीशिवाय माल न हलवणे, हा रिवाज होता. परवानगी मिळाली की शपथ घेतलेले पारखी व्यापारी एकेक गाठोडे उघडून माल किती आहे, त्याची प्रत आणि किंमत काय, हे यादीत लिहीत. मिरी ओली होऊन बुरशीने गोळा झाली आहे का, कापडाच्या गाठीच्या केवळ वरच्या घड्यांना डाग पडले आहेत की पाणी आतपर्यंत झिरपले आहे, हे पाहूनच भाव ठरत असे; नासणारा माल निकालाआधीच विकून पैसे न्यायालयाकडे ठेवता येत.

खरा वाद मात्र नुकसानीच्या कारणाचा असे, कारण जहाज निर्दोष ठरून सुटले तर पकडणाऱ्यांच्या हलगर्जीपणाने बिघडलेल्या मालाची भरपाई त्यांच्याच अंगावर येऊ शकत असे.

अर्थात, नियम कागदावरच राहिल्याची उदाहरणेही आहेत. १५९२ मध्ये अझोर्स बेटांजवळ पकडलेले, भारतातून लिस्बनला निघालेले ‘माद्रे द देउश’ हे पोर्तुगीज जहाज डार्टमाउथला पोहोचेपर्यंत खलाशांनी त्यातील जवाहीर आणि कस्तुरीवर हात मारला होता, आणि चौकशीसाठी धाडलेल्या रॉबर्ट सेसिल या राणी एलिझाबेथच्या सल्लागाराला वाटेत भेटणाऱ्यांच्या अंगाला येणाऱ्या सुगंधावरूनच चोरीचा माल ओळखू येत होता.